लिनक्सचं माउंट नेमस्पेस वापरताना या चुका टाळा

“सर, मी तर वेगळ्या नेमस्पेसमध्ये होतो. मग बाहेरच्या फायली कशा गेल्या?”

लातूरच्या लॅबमध्ये एका मुलानं हे विचारलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. प्रोजेक्टचं फोल्डर त्यानं बाइंड माउंट करून, म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या जागीही जोडून, आत घेतलं होतं. काम झाल्यावर ज्या तात्पुरत्या फोल्डरवर ते जोडलं होतं, ते ‘आरएम -आरएफ’ या सगळं न विचारता पुसणाऱ्या कमांडनं पुसलं, आणि अख्ख्या सेमिस्टरचं काम त्यासोबत गेलं.

मी मुलांना सातबाऱ्याचं उदाहरण देतो. माउंट नेमस्पेस म्हणजे सातबाऱ्याची वेगळी प्रत. तिच्यात केलेल्या नोंदी बाहेर दिसत नाहीत, पण जमीन तीच. आतून नांगर घातला की उभं पीक जाणारच. कुठे काय माउंट आहे, एवढी यादीच कर्नल (लिनक्सचा गाभा) वेगळी करतो. फायलींची नक्कल होत नाही.

म्हणून पुसण्याआधी ‘युमाउंट’ करा, म्हणजे जोडणी सोडवा, आणि ‘फाइंडमाउंट’नं माउंटची यादी बघून खात्री करा. ‘आरएम’च्या ‘--वन-फाइल-सिस्टिम’ (दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये शिरू नको) या पर्यायावर विसंबू नका. बाइंड केलेलं फोल्डर त्याच डिस्कवरचं असेल तर त्याला फरक कळत नाही. खरं तर पुसायची वेळच येऊ देऊ नका. आत टीएमपीएफएस (रॅममधली तात्पुरती फाइल सिस्टिम) माउंट करा, त्यात अप्पर (वरचा थर) आणि वर्क (ओव्हरलेच्या अंतर्गत कामासाठी) अशी दोन फोल्डरं करा, आणि प्रोजेक्ट खालचा थर ठेवून ओव्हरले, म्हणजे थरावर थर ठेवणारी फाइल सिस्टिम, लावा. बदल वरच्या थरात जातात, मूळ फायलींना धक्का लागत नाही. शेवटची प्रोसेस संपली की नेमस्पेस आणि त्यातलं टीएमपीएफएस आपोआप जातं.

दुसरी चूक सी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची. मशीन सुरू होताना सेवा चालू करणारं सिस्टिमडी रूट माउंट (सगळ्यात वरचं ‘/’) ‘शेअर्ड’ करून ठेवतं, त्यामुळे आत केलेलं माउंट बाहेरही उमटतं. नवं नेमस्पेस बनवणारी ‘अनशेअर’ कमांड, ती ज्या संचात येते त्या युटिल-लिनक्सच्या २.२७ आवृत्तीपासून, हे स्वतःच ‘प्रायव्हेट’ करते, म्हणजे आत-बाहेरचा संबंध तोडते. सी प्रोग्रॅममधून थेट वापरलेला ‘अनशेअर’ सिस्टिम कॉल मात्र तसं करत नाही. तिथे रूटवर रिकर्सिव्ह (खालच्या सगळ्या माउंटसकट) प्रायव्हेट तुम्हालाच लावावं लागतं. पेनड्राइव्हचं काम असेल तर ‘स्लेव्ह’ बरं, त्यात बाहेरचे बदल आत येतात, आतले बाहेर जात नाहीत. प्रायव्हेटमध्ये बाहेरून पेनड्राइव्ह अनमाउंट केला तरी आतलं माउंट तसंच राहतं, आणि तो काढला तर डेटा बिघडू शकतो.

पीआयडी नेमस्पेस (प्रोसेसच्या क्रमांकांची वेगळी यादी) जोडताना ‘अनशेअर’ला ‘--फोर्क’ (चाइल्ड प्रोसेस म्हणून चालव) द्यायला विसरलात तर ‘मेमरी देता येत नाही’ अशी एरर येते. आमच्या जुन्या ४ जीबीच्या मशीनवर मुलं लगेच रॅमला दोष देतात. रॅमचा संबंध नाही. पहिली चाइल्ड प्रोसेस त्या नेमस्पेसची क्रमांक १ होते, आणि ती मेली की तिथे नवी प्रोसेस जन्मत नाही. ‘--फोर्क’सोबत ‘--माउंट-प्रॉक’ही द्या, नाहीतर प्रोसेसची यादी देणारं ‘पीएस’ बाहेरच्याच प्रोसेस दाखवत राहील.

उबुंटू २४.०४ वर सुडोशिवाय (अ‍ॅडमिन अधिकारांशिवाय) परवानगी नाकारली, तर ती प्रोग्रॅमवर बंधनं घालणाऱ्या अ‍ॅपआर्मरची मर्यादा असू शकते. सगळ्या मशीनसाठी ती बंद करू नका, सुडो वापरा.

आणि टीएमपीएफएस रॅममध्ये असतं. आकार न सांगितल्यास ते निम्म्या रॅमपर्यंत वाढतं, म्हणून ‘साइझ’ द्या. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर नसेल तर वरच्या थरातल्या कामाच्या फायली दर अर्ध्या तासानं डिस्कवर उतरवत चला.