हाइव्हसाठी ब्राउझर एक्स्टेंशन: फावल्या वेळात सुरुवात कुठून करावी

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामसाठी काही छोटंसं बनवायचं म्हटलं तरी आधी अर्ज, मग मंजुरी, मग मर्यादा, आणि एवढं करून उद्या ते दार बंद होणार नाही याची हमी नाहीच. हाइव्ह या खुल्या सोशल नेटवर्कवर ही भानगड नाही. पोस्ट, कॉमेंट, व्होट, कोण कुणाला फॉलो करतं, कुणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, सगळं ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत, उघडं पडलेलं असतं. ते वाचायला खातंसुद्धा लागत नाही. हौशी प्रोग्रामरला बागडायला याहून मोठं अंगण मिळणं अवघड.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती नसली की जुने ट्युटोरियल वाचताना गोंधळ होतो. २०१६ साली स्टीम नावाची ब्लॉकचेन आणि तिच्यावर स्टीमिट ही साइट सुरू झाली. लिहिणाऱ्याला आणि व्होट देणाऱ्याला टोकन, म्हणजे विकता येणारी क्रिप्टो नाणी, मिळायची ही कल्पना तिथलीच. २०२० च्या सुरुवातीला स्टीमिट कंपनी ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी घेतली, वाद पेटला आणि २० मार्च २०२० रोजी बऱ्याच मंडळींनी चेनची शाखा काढून हाइव्ह सुरू केलं. त्यामुळे हाइव्हच्या पब्लिक की (खात्याच्या जाहीर किल्ल्या) आजही ‘एसटीएम’ या अक्षरांनी सुरू होतात आणि जुन्या कोडमध्ये जागोजागी स्टीमचं नाव दिसतं. दचकू नका, बराचसा कोड थोडीफार नावं बदलून चालतो.

ब्राउझरला जोडायचं छोटं एक्स्टेंशनच का, स्वतःची वेबसाइट का नाही? कारण लोक आधीच पीकडी, इसेन्सी किंवा हाइव्ह डॉट ब्लॉग या हाइव्ह वाचायच्या साइटवर रुळलेले असतात. आपल्या साइटवर यायला त्यांना कारण द्यावं लागतं. एक्स्टेंशन मात्र ते आहेत तिथेच, त्यांच्या रोजच्या पानावर, एक हवी असलेली ओळ वाढवून देतं. स्टीमच्या दिवसांत स्टीमप्लससारखी एक्स्टेंशनं अशीच लोकांच्या अंगवळणी पडली.

माझा नवख्यांना आग्रह एकच: पहिलं एक्स्टेंशन फक्त वाचणारं असू द्या. व्होट देणारं, पोस्ट टाकणारं नंतर. माझं पहिलं होतं ते कुठल्याही लेखकाच्या नावापुढे त्याची शिल्लक व्होटिंग पॉवर, म्हणजे व्होट देण्याची उरलेली ताकद, दाखवणारं. ऐकायला सोपं आहे, आणि सर्व्हरला विचारणंही सोपं: एपीआय डॉट हाइव्ह डॉट ब्लॉग या नोडकडे (चेनची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) जेसन-आरपीसी या साच्यातली एक एचटीटीपी पोस्ट रिक्वेस्ट पाठवायची, पद्धतीचं नाव ‘गेट अकाउंट्स’, सोबत खात्याचं नाव. उत्तरात व्होटिंग मनाबार येतो, म्हणजे त्याच ताकदीचा (मनाचा) साठा. पण त्यातला आकडा आत्ताचा नसतो. त्या माणसाने शेवटचं व्होट दिलं तेव्हाचा असतो. मना सतत भरत असतं, रिकामं असेल तर पूर्ण भरायला पाच दिवस, म्हणजे ४,३२,००० सेकंद. म्हणून मधे गेलेले सेकंद मोजायचे, त्यांना कमाल मनाने गुणायचं, ४,३२,००० ने भागायचं आणि मिळालेल्या आकड्यात मिळवायचं. बेरीज कमालीच्या वर गेली तर कमाल धरायची. एका पूर्ण व्होटाला साधारण दोन टक्के खर्च होतात आणि दिवसात वीस टक्के परत येतात, त्यामुळे दिवसाला दहा पूर्ण व्होट परवडतात. हे गणित एकदा हाताने सोडवलं की हाइव्हचं अर्धं अर्थकारण डोक्यात बसतं.

दुसरा सापळा वेळेचा, आणि तो भारतात बसून कोड लिहिणाऱ्याला हमखास लागतो. नोडकडून पोस्टची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येते, पण शेवटी झेड हे अक्षर नसतं. जावास्क्रिप्टला वाटतं ही आपल्या संगणकाची स्थानिक वेळ. मग आत्ता टाकलेली पोस्ट ‘साडेपाच तासांपूर्वी’ दिसते. लंडनमधल्या माणसाला हिवाळ्यात हे कळतही नाही, कारण तिथे तेव्हा दोन्ही वेळा सारख्याच असतात. उपाय एका अक्षराचा: तारखेच्या शेवटी झेड जोडा आणि मगच तारीख बनवा. आणि एखाद्या जुन्या पोस्टचा पेआउट (मोबदल्याचं वाटप) १९६९ च्या ३१ डिसेंबरला झालेला दिसला तर नोड बिघडलेला नाही. सात दिवसांची मुदत संपून पैसे वाटून झाले, एवढंच सांगायची ती जुनी पद्धत आहे.

खरी डोकेदुखी ब्लॉकचेन नसतेच, दुसऱ्याचं पान असतं. या साइट्स एकाच पानावर चालतात. तुम्ही दुसरी पोस्ट उघडली तरी पान नव्याने लोड होत नाही, त्यामुळे तुमची कॉन्टेंट स्क्रिप्ट (त्या पानात चालणारा एक्स्टेंशनचा कोड) एकदा चालून गप्प बसते. म्यूटेशन ऑब्झर्व्हर लावून पानातल्या बदलांवर नजर ठेवावी लागते, आणि आपण आधीच खूण केलेल्या नावाला पुन्हा हात लावायचा नाही, नाहीतर एकाच नावापुढे व्होटिंग पॉवरची माळ लागते. नावं शोधताना सीएसएस क्लासवर अजिबात विसंबू नका. साइटवाल्यांनी रंगरंगोटी केली की क्लास बदलतात. त्यापेक्षा लिंक बघा: ज्या दुव्यात तिरकी रेघ, ॲट चिन्ह आणि पुढे ३ ते १६ अक्षरांचं नाव आहे, तो खातेदार. दुव्यांची ही रचना स्टीमच्या काळापासून टिकून आहे.

मॅनिफेस्ट (एक्स्टेंशनची माहिती देणारी फाइल) तिसऱ्या आवृत्तीचंच लिहा, दुसऱ्या आवृत्तीची उदाहरणं अजून सगळीकडे सापडतात पण क्रोमने तिला निरोप दिला आहे. नव्या पद्धतीत बॅकग्राउंडला सर्व्हिस वर्कर असतो आणि काम नसलं की तो साधारण अर्ध्या मिनिटात झोपतो. त्याच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं जातं. जे टिकायला हवं ते क्रोमच्या स्टोरेजमध्ये. चाचणीसाठी एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड सुरू करून ‘लोड अनपॅक्ड’ने आपलं फोल्डर द्यायचं, बस.

आता लिहिणाऱ्या एक्स्टेंशनबद्दल. हाइव्हच्या खात्याला चार किल्ल्या असतात. पोस्टिंगने व्होट, पोस्ट, फॉलो होतं, ॲक्टिव्हने पैसे हलतात, ओनरने बाकीच्या किल्ल्या बदलता येतात आणि मेमोने खासगी संदेश उघडतात. तुमच्या एक्स्टेंशनमध्ये यांपैकी एकही मागणारा रकाना नको. पोस्टिंगचाही नको. लोकांकडे हाइव्ह कीचेन हे एक्स्टेंशन असतं, किल्ल्या त्याच्याकडे राहतात. तुम्ही त्याला ‘या पोस्टला इतकं व्होट द्यायचं आहे’ एवढंच सांगायचं, परवानगी वापरणारा त्याच्या खिडकीत देतो.

इथे नवखे अडकतात ते असे. कीचेन आपली वस्तू पानाच्या विंडोमध्ये ठेवतं, पण तुमची कॉन्टेंट स्क्रिप्ट वेगळ्या कप्प्यात चालते. पान दोघांना तेच दिसतं, विंडोवर टांगलेल्या वस्तू मात्र दिसत नाहीत. कन्सोलमध्ये कीचेन सापडतं आणि स्क्रिप्टमध्ये ‘अनडिफाइंड’ येतं, आणि माणूस तास न् तास कीचेन काढून पुन्हा टाकत बसतो. त्यासाठी एक छोटी वेगळी स्क्रिप्ट मॅनिफेस्टमध्ये ‘वर्ल्ड: मेन’ अशी नोंद करून पानाच्या कप्प्यात चालवायची आणि दोघींमध्ये पोस्टमेसेजने निरोप पाठवायचे. निरोप कुठून आला हे तपासायला विसरू नका, कारण पानावरची कुठलीही स्क्रिप्ट तसाच निरोप पाठवू शकते.

व्होटाची चाचणी स्वतःच्याच दुसऱ्या खात्याच्या पोस्टवर करा. फी लागत नाही, रिसोर्स क्रेडिट (चेनवर व्यवहार करण्याचा खात्याचा कोटा) खर्च होतात आणि तीही भरून येतात. शून्य वजनाचं व्होट देऊन आधीचं मागे घेता येतं, पण दोन्हींची नोंद चेनवर राहते. चाचणीच्या पोस्टमध्ये काय लिहिता तेही जपून, एडिट केलं तरी जुना मजकूर ब्लॉकमध्ये राहतोच.

नोकरीला याचा उपयोग होतो का, असं कॉलेजातली मुलं विचारतात. होतो, पण ब्लॉकचेन या शब्दामुळे नाही. त्या शब्दाने मुलाखत घेणाऱ्याच्या भुवया कधी वर जातात, कधी आकसतात. उपयोग होतो तो अनोळखी माणसं वापरत असलेला कोड दाखवता येतो म्हणून: गिटहबवर तक्रारी, त्यांना दिलेली उत्तरं, दुरुस्त्यांचा इतिहास. पैशांच्या आशेने मात्र येऊ नका. एकेकाळी युटोपियनसारखे प्रकल्प ओपन सोर्स कामाला व्होटांतून चांगला मोबदला देत, तो काळ गेला. टोकन मिळाली आणि विकली तर आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

क्रोमच्या दुकानात नोंदणीला एकदाच ५ डॉलर पडतात, फायरफॉक्सला काहीच नाही. मी फायरफॉक्सपासून सुरुवात करायला सांगेन. परवानगी फक्त ज्या दोन-तीन साइटवर काम करायचं त्यांचीच मागा. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे’ अशी ओळ दिसली की टोकन सांभाळून असलेला माणूस खिडकी बंद करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. नोडचे पत्ते दोन-तीन ठेवा, एक आडवा झाला की दुसऱ्याकडे वळणारा कोड पहिल्याच आवृत्तीत घाला. नाहीतर नोड पडतो रात्री, आणि सकाळी एक तारा देऊन गेलेले चार जण दिसतात.