प्रिंटर चालेना म्हणून फायरवॉल बंद केलीत? घरच्या कॉम्प्युटरच्या या चुका टाळा

नवा कॉम्प्युटर घेतला की प्रश्न ठरलेला: "हार्डवेअर फायरवॉल घेऊ की सॉफ्टवेअर?" फायरवॉल म्हणजे नको ती कनेक्शनं अडवणारा पहारेकरी; हार्डवेअर म्हणजे वेगळ्या यंत्रातला, सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरमधलाच प्रोग्राम. खरं तर बहुतेक घरांत दोन्ही आधीच असतात. फायबरवाल्यानं भिंतीला लावून दिलेला राउटर बाहेरून आगंतुक आलेलं कनेक्शन सहसा आत सोडत नाही. विंडोजची स्वतःची फायरवॉल तर एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 पासून, म्हणजे 2004 पासून, सुरूच असते. पैसे घालायची वेळ क्वचित येते. घोळ होतो तो आहे ते बंद करून ठेवल्यामुळे.

आमच्याच घरातलं सांगतो. वडिलांच्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर बहिणीच्या लॅपटॉपवर दिसेना. कुणीतरी फोनवर सांगितलं, फायरवॉल बंद करा. केली, प्रिंट आली, सगळे खूश. दोन वर्षांनी मी कंट्रोल पॅनेल उघडलं तर प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्हींसमोर लाल ढाल! मूळ दुखणं वेगळंच होतं. घरचं वाय-फाय विंडोजनं 'पब्लिक' म्हणून नोंदवलं होतं आणि पब्लिक नेटवर्कवर शेअरिंग अडवलं जातं. सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' निवडायचं, मग फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'समोर फक्त प्रायव्हेटच्या रकान्यात टिक करायची. दोन मिनिटांचं काम. लॉजच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायला मात्र पब्लिकच राहू द्या.

"राउटर आहे ना, मग विंडोजची कशाला?" हेही नेहमीचं. राउटर घर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसतो. घरातल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर काय चाललंय, ते तो सहसा अडवत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो नेटवर्कमधल्या एका विंडोजवरून दुसऱ्यावर, फाइल शेअरिंगच्या 445 पोर्टमधून (पोर्ट म्हणजे कनेक्शन आत येण्याचं, क्रमांक दिलेलं दार). त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. म्हणजे शेअरिंगसाठी पोर्ट उघडा ठेवलात तर अपडेट टाळून चालणार नाही, फायरवॉल तिथे कामाला येत नाही. शिवाय लॅपटॉप घेऊन बाहेर पडलात की राउटर काही तुमच्याबरोबर येत नाही.

सगळ्यात महागात पडते ती कॅमेऱ्याची भानगड. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर मोबाइलवर दिसत नाही म्हणून बसवणारा माणूस राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून बघतो, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी एक पोर्ट उघडून त्याला थेट डीव्हीआरकडे धाडतो. जमलं नाही की डीएमझेड लावतो, म्हणजे त्या एका यंत्रासाठी जवळजवळ सगळी दारं सताड उघडी. तरीही चित्र दिसत नाही! कारण बऱ्याचदा कनेक्शन सीजीनॅटच्या मागे असतं, एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला की समजायचं, इथे पोर्ट उघडून उपयोग नाही. डीएमझेड काढा, डीव्हीआरचं स्वतःचं क्लाउड ॲप वापरा किंवा इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता, घ्या. आणि कारखान्यातला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले होते.

राउटरमधली यूपीएनपी नावाची सोय सुरू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरमध्ये पोर्ट उघडू शकतं. बंद करा. मुलाचा गेम कुरकुरला तर तेवढा एकच पोर्ट द्या.

आयपीव्ही6 चं, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं, लोक विसरतात. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो, नॅटचा, म्हणजे सगळ्या यंत्रांनी राउटरच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे राहण्याचा, आडोसा उरत नाही. म्हणून राउटरमधली आयपीव्ही6 फायरवॉल वेगळी तपासावी लागते.

दोन सॉफ्टवेअर फायरवॉल एकत्र चालवू नका, नेट अडखळतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही. ट्रायल अँटीव्हायरस काढल्यावर विंडोजची परत सुरू झाली का, तेही बघा.

वेगळा फायरवॉल बॉक्स घ्यायचा तो घरातच सर्व्हर चालवत असाल तर, किंवा हौस म्हणून. जुन्या पीसीवर पीएफसेन्स ही फायरवॉलची सिस्टिम टाकून रविवार छान जातो, एवढं मात्र खरं.

आता एक तपासणी. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता टिपून घ्या. मोबाइलचं वाय-फाय बंद करून, डेटावर, तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं लॉगिन पान उघडलं तर रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटर चालवण्याची सोय, सुरू आहे. वाय-फायवर या आणि आधी ते बंद करा.