मसाई पठारावर अडकलेला ठिपका

पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीतली आमची तुकडी नकाशावर दीड तास मसाई पठाराच्या कडेलाच उभी होती. प्रत्यक्षात ती केव्हाच पुढच्या वाडीत उतरली होती. मी पन्हाळ्यावर लॅपटॉपसमोर, बाहेर धो धो पाऊस, आणि कोल्हापुरातून एका मुलाच्या वडिलांचा दर दहा मिनिटांनी फोन, "पोरं थांबल्यात काय?"

हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनात, नव्याने येणाऱ्यांना एपीआरएस, म्हणजे रेडिओवरून आपली जागा नकाशावर कळवण्याची पद्धत, शिकवताना मी इथूनच सुरुवात करतो. ठिपका दाखवतो ती माणूस आत्ता आहे ती जागा नव्हे. त्याचा निरोप शेवटचा जिथून ऐकू आला ती जागा. संच जीपीएसकडून जागा घेतो, तिचं छोटं पॅकेट करतो, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत ते हवेत सोडतो आणि गप्प बसतो. पोचल्याची पावती येत नाही. म्हणून आधी ठिपक्याची वेळ वाचायची, मग जागा.

त्या दिवशी संच बिघडला नव्हता. सॅकमध्ये पाच वॅटची हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ संच, तिला आखूड रबरी अँटेना. पठारावर असेपर्यंत पन्हाळा समोर होता, उतरणीला लागल्यावर डोंगर मध्ये आला. पुढच्या वर्षी आम्ही पठाराच्या कडेला जीपमध्ये डिजिपीटर ठेवला, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुन्हा सोडणारं स्टेशन. हँडीत 'वाइड१-१' हा मार्ग, म्हणजे जवळच्या डिजिपीटरने पॅकेट एकदा पुढे सोडावं ही सूचना, भरला होता. उतारावरची पॅकेटं जीपमार्गे येऊ लागली, ठिपका सरकला. माझं स्पष्ट मत आहे, महागडा ट्रॅकर घेण्याआधी उंचीवरचा हा मधला दुवा उभा करा.

एपीआरएस ज्यांनी घडवलं त्या बॉब ब्रुनिंगांनी १९८४ मध्ये त्याचं सुरुवातीचं रूप १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत वापरलं होतं. आपली पायवाट त्या शर्यतीच्याच जातीची.

प्रक्षेपणाला परवाना हवाच. त्यासाठी एएसओसी, म्हणजे हौशी रेडिओ चालकाच्या प्रमाणपत्राची, परीक्षा द्यावी लागते, निर्बंधित श्रेणीला मोर्स लागत नाही. अभ्यास करता करता कान तयार करा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर सुरू असेल तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर त्याची पॅकेटं गच्चीवरूनही मिळतात.

फोनचं एपीआरएस अ‍ॅप केबलने हँडीला जोडणार असाल तर आवाज कमी ठेवा. जास्त ठेवला की स्वर फाटतात. कानाला पॅकेट खणखणीत लागतं, डिकोडर मात्र ते टाकून देतो. व्हॉक्सवर, म्हणजे आवाज येताच संच आपोआप प्रक्षेपण सुरू करतो त्या सोयीवर, चालवत असाल तर संच उघडेपर्यंत पॅकेटचं तोंडच कापलं जातं, तेव्हा अ‍ॅपमधला पॅकेटआधीचा सुरुवातीचा वेळ वाढवा.

घरच्या स्टेशनची जागा हाताने भरताना मी एकदा चुकलो. फोन दशांशात अंश दाखवत होता, १६.७० आणि ७४.२४. एपीआरएसला अंश आणि मिनिटं लागतात. ७० मिनिटं असूच शकत नाहीत, म्हणून अक्षांश बदलून ४२ मिनिटं केली. रेखांशातले २४ खपून गेले. ते १४.४ हवे होते. माझं घर सुमारे १७ किलोमीटर पूर्वेला, हातकणंगल्याच्या बाजूला जाऊन बसलं. आठवडाभर मी अँटेनाच तपासत होतो.

आणि बीकन, म्हणजे आपोआप जाणारं जागेचं पॅकेट, दर दहा सेकंदांनी सोडू नका. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, दोघांची पॅकेटं आदळली की दोन्ही जाऊ शकतात. चालणाऱ्याला तीन-चार मिनिटांचं अंतर पुरतं.