बर्लिनला शिकायला जाताय? पत्ता, पास आणि प्रवासातल्या या चुका टाळा

बर्लिनला येणारी आपली मुलं निघण्याआधीची तयारी चोख करतात. एपीएसचं (भारतीय पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेलं खातं), विम्याचं पत्र, सगळं फाइलमध्ये लावलेलं असतं. अडचणी येतात त्या उतरल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. त्यातल्या बऱ्याचशा एकाच गोष्टीपाशी जाऊन पोचतात: राहत्या पत्त्याची नोंदणी वेळेत झालेली नसते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आन्मेल्डुंग न होणारी खोली घेणं

नव्या जागेत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असतो. हीच आन्मेल्डुंग. तिच्यासाठी तुम्ही या जागेत राहायला आला आहात असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. काही जाहिरातींमध्ये आन्मेल्डुंग होणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. भाडं जरा कमी असतं आणि मुलं म्हणतात, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पण त्या दोन-तीन महिन्यांत कर क्रमांक मिळत नाही, कारण तो नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. कर क्रमांक नाही म्हणून पार्ट-टाइम नोकरीच्या पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जड दराने, कपात होते. ते पैसे पुढे विवरणपत्र भरून परत मिळवता येतात, पण गरज असते ती आत्ता.

अपॉइंटमेंट मिळत नसेल तर आपल्याच भागातलं कार्यालय धरून बसू नका. बर्लिनमधलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं. रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर दिवसभर अधूनमधून उघडत असतात, सकाळी लवकर जास्त. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर ती घ्या आणि बुकिंगचा कागद जपून ठेवा.

नोंदणी झाली आणि तरीही पत्रं येत नसतील, तर खाली जाऊन पत्रपेटी बघा. इथल्या इमारतींमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतो, टपालवाला पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. तुमचं नाव नसेल तर विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कर क्रमांक, सगळं परत जातं. पहिल्याच दिवशी नावाची चिठ्ठी चिकटवा.

घरमालक 'परदेशात' असेल आणि डिपॉझिट भरल्यावर किल्ली कुरिअरने येईल असं सांगत असेल, तर ती फसवणूक समजा. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोसुद्धा पाठवू नका. शिवाय कायद्याने डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. हे मूळ भाडं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च वगळून जे उरतं ते.

हे डिपॉझिट ब्लॉक्ड अकाउंटमधून देऊ, असाही काहींचा समज असतो. तिथे वर्षाचे 11,904 युरो असले तरी हाती येतात महिन्याला फक्त 992. डिपॉझिट आणि पहिलं भाडं यांची सोय घरून निघतानाच वेगळी करा.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येतं. घरात टीव्ही नाही म्हणून ते टाकून देऊ नका, थकबाकी साठत जाते. हे शुल्क माणसामागे नसून घरामागे महिना 18.36 युरो असतं. फ्लॅटमधला एक जण भरत असेल तर त्याचा खाते क्रमांक कळवा, तुमचं काम तेवढ्यावर भागतं.

तिकीट आहे, पण चालत नाही

बर्लिनचे तीन झोन आहेत: ए, बी आणि सी. विमानतळ आणि पॉट्सडाम दोन्ही सी मध्ये येतात. विद्यापीठाचा सेमिस्टर पास मिळायच्या आधी एबीचं तिकीट काढून विमानतळाकडे निघाल आणि तपासनीस आला, तर दंड 60 युरो. मशिनमधून काढलेल्या कागदी तिकिटावर प्रवासाआधी फलाटावरच्या पेटीत शिक्का मारावा लागतो, नाहीतर तेही विनातिकीटच धरतात.

विद्यार्थ्यांचा सेमिस्टर पास आता देशभर चालतो, पण लोकल आणि प्रादेशिक गाड्यांपुरताच. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळं तिकीट लागतं. त्यातलं स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की तिकीट गेलं. मात्र मुक्कामाला पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, तर हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. तासाभराच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांना 50 टक्के परत मिळतात, वादळासारखी कारणं सोडून. बहुतेक मुलं हा अर्ज करतच नाहीत. जरूर करा, ॲपवरून होतो.

स्वस्त विमानाचं तिकीट घेताना शहराचं नाव सोडून विमानतळाचं नाव वाचा. पॅरिस म्हणून विकलेलं बोव्हे शहरापासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे, आणि तिथून शहरात नेणाऱ्या बसचं भाडं तिकिटाच्या किमतीत धरलेलं नसतं.

डिसेंबरमध्ये लग्नाला घरी जाणं

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते, कारण हिच्यात अख्खं सेमिस्टर जाऊ शकतं. ऑक्टोबरमध्ये आलेल्या मुलाचा प्रवेश-व्हिसा बऱ्याचदा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. ऑनलाइन अर्ज केला की पोच मिळते. अर्ज वेळेत झाला असेल तर देशात राहायला अडचण नसते, पण ती पोच दाखवून भारतातून परत येता येत नाही. घरी मामेबहिणीचं लग्न ठरलेलं असतं, आई-बाबांनी तिकीट काढलेलं असतं, आणि परतीच्या वेळी मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनी चढू देत नाही.

व्हिसा संपणार आणि परवान्याचं कार्ड हातात नाही, अशा स्थितीत जायचंच असेल तर आधी कार्यालयाकडून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग हा कागद, म्हणजे अर्जावर निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागून घ्या. आत जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 मधल्या कुठल्या पोटकलमावर खूण आहे ते तपासा. पोटकलम 4 असेल तर जर्मनीत परत येता येतं, 3 असेल तर नाही. तो कागद घेऊन निघाल तेव्हा लंडनमार्गे जाऊ नका, थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की तिकीट कागद हातात आल्यावरच काढायचं.

भारतात अडकलाच असाल तर जर्मन वकिलातीकडे परत येण्यासाठीच्या व्हिसाचा अर्ज करा आणि विद्यापीठाला त्याच दिवशी ईमेल लिहा, म्हणजे परीक्षेच्या नोंदणीबद्दल बोलता येईल.

शेजारच्या देशांत

जर्मन परवान्यावर इतर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. लंडन आणि डब्लिन यात येत नाहीत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो. प्रागला दोन दिवस जातानाही पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ प्रती सोबत ठेवा. सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, आणि परतीच्या बसमध्ये मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

सरकारी विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजे युरोपीय आरोग्य कार्ड. भारतीय पासपोर्टवर ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. तिकडे जाताना प्रवास विमा वेगळा काढा.