लहान मुलांना घेऊन एकट्याने बाहेरची कामे करताना या चुका टाळा

दोन-तीन लहान मुलांना घेऊन बँक, औषधांचे दुकान आणि किराणा अशी कामे एकट्याने उरकायला निघालेल्या पालकाची तारांबळ उडाली, की दोष बहुधा मुलांच्या हट्टीपणाला किंवा पालकाच्या अपुऱ्या संयमाला दिला जातो. मात्र बारकाईने पाहिल्यास प्रत्यक्ष कामाच्या वेळी गोंधळ कमीच होतो. तो होतो घरातून निघताना, गाडीचे दार उघडताना, रस्ता ओलांडण्याआधी आणि पैसे देऊन पिशव्या उचलताना, म्हणजे एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या वेळात. पालकाचे हात भरलेले आणि लक्ष दुसरीकडे असते ते नेमके तेव्हाच, त्यामुळे तयारीही याच मधल्या वेळांची करावी लागते.

निघालोच आहोत तर तेही उरकू

पहिली चूक घरीच, यादी करताना होते. एकट्या माणसासाठी आणखी एक थांबा म्हणजे दहा मिनिटे. मुले सोबत असताना तो हिशेब लागू पडत नाही. गाडीने तीन ठिकाणी जाऊन घरी परतायचे म्हटले तर प्रवासाचे चार टप्पे होतात आणि तीन मुले असतील तर बारा वेळा पट्टे बांधावे आणि बारा वेळा सोडावे लागतात. त्यात एखाद्याचा बूट निघणे, दुसऱ्याला आपणच आधी उतरायचे असणे हे धरलेलेच नाही. म्हणून कामे किती यापेक्षा चढ-उतार किती, हे मोजून यादीला कात्री लावावी. चालत जाता येईल अशा अंतरावरची दोन कामे एकत्र करावीत आणि फोनवरून किंवा घरपोच होणारे काम मुलांसोबतच्या फेरीत घेऊच नये.

जे काम आज झालेच पाहिजे ते पहिले ठेवावे, कारण तिसऱ्या थांब्यापर्यंत मुलांचा उत्साह टिकेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. याला अपवाद थंड ठेवावे लागणारे सामान, ते शेवटी घ्यावे. निघण्याची वेळ सर्वांत धाकट्याच्या झोपेवरून आणि भुकेवरून ठरवावी. थोरले मूल भूक थोडा वेळ सहन करते, दीड वर्षाचे मूल करत नाही, आणि एक रडू लागले की बाकीच्यांचाही तोल जातो. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे निघताना ‘शू आली आहे का?’ असे विचारू नये, कारण खेळात रमलेल्या मुलाचे उत्तर ‘नाही’ हेच असते. न विचारता सर्वांना एकेकदा पाठवावे. एवढे करूनही रांगेत उभे असताना एकाला जावेच लागले, तर रांग सोडून सर्वांना सोबत न्यावे. ‘तू इथेच थांब, आम्ही आलोच’ हा पर्याय समजू नये.

हात दोन आणि मुले तीन

‘नीट चाला’, ‘जवळ राहा’ या सूचना मोठ्यांना स्पष्ट वाटतात, पण चार वर्षांच्या मुलाला त्यांतून नेमके काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाची जागा घरीच ठरवून द्यावी: एकाचा हात पालकाच्या हातात, दुसऱ्याचा पिशवीच्या पट्ट्यावर, तिसरे अंगावरच्या झोळीत किंवा बाबागाडीत. मग रस्त्याच्या कडेला ‘हात कुठे?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. झोळीत तान्हे बाळ असेल तर त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे, नाक-तोंडावर कापड येता कामा नये आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण त्या स्थितीत बाळाचा श्वास अडू शकतो.

रस्ता ओलांडताना मात्र पट्ट्यावरच्या हातावर विसंबू नये. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना भरवशाने करता येत नाही, शिवाय लहान मूल उभ्या गाड्यांच्या आड चालकाला दिसतही नाही. तेथे दोन्ही हात मुलांसाठी मोकळे हवेत, म्हणजेच सामान पाठीवरच्या पिशवीत हवे. खांद्यावरून सारखी घसरणारी पिशवी अशा फेरीत निव्वळ अडचण ठरते.

थोरल्यावर राखणीचा भार

ही चूक सर्रास होते आणि तिच्याकडे चूक म्हणून पाहिलेही जात नाही. थोरले मूल पाच-सहा वर्षांचे, समंजस आणि बोलघेवडे असले की ‘जरा याच्याकडे लक्ष दे’ असे सहज म्हटले जाते. ते मूल होकार देते आणि मनापासून देते. पण समोर काही मजेशीर दिसताच त्याला दिलेल्या शब्दाचा विसर पडतो, आणि धाकटे पडले तर बोलणी मात्र थोरल्याला बसतात. हा सरळ अन्याय आहे. थोरल्याला काम जरूर द्यावे, राखण देऊ नये. यादी वाचणे, सुटी नाणी मोजणे किंवा न फुटणारी वस्तू टोपलीत ठेवणे ही त्याच्या आवाक्यातली कामे आहेत. धाकट्याला पकडून ठेवणे किंवा धाकटे बसलेली ट्रॉली ढकलणे ही नाहीत.

ट्रॉली आणि बाबागाडी

दुकानातली ट्रॉली स्थिर दिसते, पण मूल आत उभे राहिले किंवा बाहेरून कडेला लोंबकळले की सहज कलंडते, आणि तिच्यातून पडणाऱ्या मुलाच्या डोक्याला मार लागण्याचा धोका मोठा असतो. मुलाला तिच्या आसनावरच बसवावे आणि पट्टा बांधावा. तान्ह्या बाळाची गाडीतली सीट उचलून ट्रॉलीच्या कडांवर टेकवून ठेवू नये.

बाबागाडीच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे दांड्याला पिशव्या अडकवणे. मूल बसलेले असेपर्यंत काही होत नाही. त्याला उचलून घेतले की पुढचे वजन जाते आणि पिशव्यांच्या भाराने गाडी मागच्या मागे उलटते. जड सामान खालच्या टोपलीत ठेवावे आणि थांबल्याबरोबर ब्रेक लावावा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेऊ नये, लिफ्ट शोधावी.

‘दोनच मिनिटे’ गाडीत ठेवणे

मुले झोपली आहेत, दुकान समोरच आहे, अशा वेळी त्यांना गाडीत ठेवून जाण्याचा मोह होतो. तो कोणत्याही ऋतूत टाळावा. बंद गाडीतले तापमान 10 मिनिटांत सुमारे 10 ते 11 अंश सेल्सिअसने वाढू शकते. बाहेर अवघे 21 अंश असताना उन्हातली गाडी अर्ध्या तासात आतून 40 अंशांच्या आसपास पोहोचते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. झोपलेले मूल जागे करून नेणे त्रासाचे असते, पण तेवढा त्रास पत्करावा किंवा ते काम त्या दिवशी सोडून द्यावे. थकलेल्या पालकाकडून मागे झोपलेले बाळ विसरलेही जाऊ शकते. आपली पर्स किंवा फोन मागच्या आसनावर ठेवण्याची सवय लावली, तर उतरताना मागे पाहावेच लागते.

काम बिघडलेच तर

दोन मुले दोन दिशांना पळाली, तर आधी कोणाच्या मागे जावे? धाकट्याच्या मागे, असे मन सांगते, पण जे मूल रस्ता, जिना किंवा पाणी यांच्या जवळ आहे त्याच्याकडे आधी जावे, मग ते थोरले का असेना. सामान तिथेच टाकावे. ‘थांब’ हा शब्द घरी खेळातून पक्का करून घ्यावा आणि एरवी ऊठसूट वापरू नये, नाहीतर ऐन वेळी त्याची धार गेलेली असते.

मुलाने दुकानात जमिनीवर लोळण घेतली, तर ‘आता घरीच जाऊ’ ही धमकी खरोखर पाळायची असेल तरच द्यावी. दुकानदाराला सांगून सामान बाजूला ठेवावे आणि सर्वांना घेऊन बाहेर शांत जागी थांबावे. बघ्यांच्या नजरांमुळे घाईघाईने खाऊ हातात देणे म्हणजे पुढच्या फेरीत तोच प्रसंग ओढवून घेणे होय.

मूल दिसेनासे झाले, तर संकोचाने एकट्यानेच शोधत बसू नये. लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे, दारांवर लक्ष ठेवायला लावावे आणि मोठ्याने नावासोबत वर्णनही सांगावे, कारण अनोळखी माणसाला नावावरून मूल ओळखता येत नाही, ‘पिवळा सदरा, चार वर्षांचा मुलगा’ यावरून येते. निघतानाच फोनवर सर्वांचा एक फोटो काढून ठेवला, तर त्या घाबरलेल्या क्षणी कपड्यांचा रंग आठवत बसावे लागत नाही. मुलांनाही सांगून ठेवावे, की हरवल्यासारखे वाटले तर आहे तिथेच थांबायचे आणि ‘आई’ किंवा ‘बाबा’ अशी नुसती हाक न मारता पालकाचे नाव घेऊन हाक मारायची.

परतल्यावर आधी मुले घरात, दार बंद, मग सामान, हा क्रम ठेवावा. सर्व पिशव्या एकाच खेपेत आणण्याच्या नादात दार उघडे राहते आणि धाकटे पुन्हा रस्त्याकडे निघते. मुलांना घरात ठेवून सामानासाठी लांब जावे लागणार असेल, तर थंड ठेवायच्या वस्तूंची एकच पिशवी मुलांबरोबर आणावी आणि बाकीचे सामान दुसरे मोठे माणूस घरी येईपर्यंत गाडीतच राहू द्यावे.