मैल कोणत्या खात्यात टाकायचे?

लेक म्युनिकला, त्यामुळे वर्षातून एक फेरी ठरलेलीच. विमान कंपन्या प्रवासावर मैल देतात, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे बक्षिसाचे गुण. सुरुवातीला मी ज्या विमानात बसेन त्याच कंपनीचं मैलांचं खातं उघडायचे. तीन खात्यांत थोडे थोडे मैल झाले आणि एकातले मुदत संपून गेले. फार हळहळ वाटली.

एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स आणि युनायटेडही त्याच गटात. लुफ्तान्साने गेलात तरी मैल एअर इंडियाच्या, सिंगापूर एअरलाइन्सच्या किंवा युनायटेडच्या खात्यात घेता येतात. मात्र एका प्रवासाचे मैल एकाच खात्यात.

आधी मुदत बघा. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे मैल ३ वर्षांनी संपतात, युनायटेडच्या मायलेजप्लसचे संपत नाहीत. वर्षाला एकच फेरी असेल तर याहून मोठा फरक नाही.

मग तिकीट हातात घ्या. त्यावर एकच इंग्रजी अक्षर असतं, वाय, के, एल असं काहीतरी. तो बुकिंग क्लास. स्वस्त तिकिटाच्या त्याच अक्षराला एका खात्यात बऱ्यापैकी मैल, दुसऱ्यात अगदी थोडे, तिसऱ्यात शून्य असंही होतं. तिकीट काढण्याआधीच त्या त्या कंपनीचा मैलांचा तक्ता उघडून अक्षर शोधा, अगदी बोट ठेवून.

गोल्ड दर्जा, म्हणजे कंपनी देते तो वरचा दर्जा, सतत फिरणाऱ्यांसाठी. लाउंज आणि जादा सामान मिळतं.

खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणेच घाला. मैल जमा होईपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका. मी तो पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवते.