गिटार घेताना आधी मांडी घालून बसा

वाद्यांच्या दुकानात गिटार मागितली की ‘३८ इंची देऊ की ४१ इंची?’ असं विचारतात. ही झाली गिटारची लांबी. आवाज आणि सोय ठरते ती बॉडीवरून: खाली किती रुंद, कंबर किती बारीक, आणि खोली, म्हणजे पुढून मागे जाडी, किती. विश्रामबागेत माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सांगते, पैसे देण्याआधी गिटार घेऊन बसा, आणि घरी जसे बसता तसेच बसा.

आपल्याकडे बराचसा रियाज सतरंजीवर होतो. खुर्चीवर गिटारची कंबर मांडीवर नीट टेकते. खाली बसलं की रुंद कंबरेची गिटार घसरायला लागते, तिला सावरण्यात डावा हात अडकतो आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलायला उशीर होतो. मुलाला कॉर्ड जमत नाहीत म्हणून आईवडील काळजीत असतात; मी आधी त्याची बैठक बघते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर विचारतो, गाणार कोण, पट्टी कोणती. बायकांचा तंबोरा वेगळा, पुरुषांचा वेगळा. ‘सगळ्यात भारी कुठला?’ याला तिथे अर्थच नाही. गिटारलाही हाच न्याय लावा.

दुकानात सगळ्यात जास्त दिसते ती ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने १९१६ साली डिटसन या वाद्यविक्रेत्या कंपनीसाठी हा आकार बनवला, नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलं. खाली साडेपंधरा इंचांहून थोडी रुंद, खोली पाच इंचांना जरा कमी, कंबर जेमतेम आत गेलेली. पिकने स्ट्रमिंग करा, म्हणजे सगळ्या तारा एकत्र छेडा, की खर्ज घर भरून टाकतो. कॉलेजच्या गॅदरिंगला दहाजण गाणार असतील तर हीच घ्या. पण एकटा पुरुष खालच्या पट्टीत भावगीत गात असेल तर हा खर्ज त्याच्या आवाजावर चढतो, शेजारी डग्गा असेल तर आणखीच.

बहुतेकांना मी ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) किंवा कॉन्सर्ट या आकाराची बॉडी सुचवते. मार्टिनची ओएम १९२९ची: रुंदी १५ इंच, खोली चार इंचांहून थोडी जास्त, कंबर बारीक. बोटांनी वाजवलं की सहाही तारा सारख्या ऐकू येतात, एकही दुसरीला झाकत नाही. मार्टिनच्याच ट्रिपल-ओ (०००) आकाराची बॉडी जवळपास हीच, फक्त तारांची लांबी २५.४ऐवजी २४.९ इंच, त्यामुळे तारा किंचित मऊ लागतात. यामाहाची एफजी ८०० आणि एफएस ८०० लागोपाठ वाजवून बघा. एफएसची बॉडी लहान आणि तारांची लांबी ६३४ मिलिमीटर, एफजीची ६५०. लहान चणीच्या मुलींना हा फरक लगेच कळतो.

पार्लर हा आकार त्याहूनही लहान, तिचा मधला आवाज गोड. पण जोरात स्ट्रमिंग तिला झेपत नाही. १७ इंची जम्बो उंच माणसालाच शोभते. मधला मार्ग हवा असेल तर टेलर कंपनीने १९९४ साली आणलेली १६ इंची ग्रँड ऑडिटोरियम.

आता परीक्षा. उजवा हात बॉडीवरून टाकून दहा मिनिटं वाजवा. खांदा कानाकडे चढतोय का बघा. खांदा दुखतो तो बहुधा रुंदीने नव्हे, खोलीने, म्हणून रुंद पण पातळ बॉडी चालून जाते. मग सोबतच्या कोणाला तरी वाजवायला सांगून समोर बसा. आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो पूर्ण कळत नाही. तारा गंजलेल्या असतील तर नव्या लावलेली गिटार मागा, नाहीतर सगळ्याच आकारांचा आवाज सारखाच मेलेला वाटेल.

घरात ड्रेडनॉट आधीच असेल तर ती विकायची घाई नको. बुटक्या स्टुलावर बसा, गिटार डाव्या मांडीवर घ्या, आणि बसूनही पट्टा लावा. डावा हात मोकळा होईल.